दमट हवेत हँडमेड गिटारचं सॅडल बसवायचं कसं (कोकणवाल्यांसाठी)

ऑगस्टमध्ये गिटारचं सॅडल, म्हणजे तारांखालची ती पांढरी पट्टी, घासायला बसू नका. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल पण एवढं डोक्यात ठेवा, कारण मी नेमकं तेच करून बसलो होतो. माझी पहिली हँडमेड गिटार, मागची-बाजूची बॉडी फणसाची, वरचं टॉप स्प्रूसचं, ब्रिज शिसवीचं. जून-जुलैत तारा वर वर जायला लागल्या, बोटं सोलून निघाली, म्हटलं सॅडल उंच आहे, काढलं आणि घातलं कानसीखाली. दोन महिने राजासारखा वाजवत होतो. जानेवारीत हवा कोरडी झाली, टॉप खाली बसलं, आणि सहावी तार अशी किरकिरायला लागली की शेजारच्यांना वाटलं पेटीचा स्वर बसला.

मी काही लुथियर (गिटार बनवणारा कारागीर) नाही. वेंगुर्ल्याकडचा माणूस, घरात सगळे भजनवाले, मीच एक गिटार घेऊन बसलेला. पण आपली आणि मित्रांची मिळून बरीच सॅडलं केलीत, त्यातली निम्मी फुकट घालवलीत, म्हणून जे कळलंय ते सांगतो. पहिल्यांदाच करणाऱ्यासाठी आहे हे, ज्याला येतं त्याने सोडून द्यावं.

सॅडल म्हणजे काय आणि ते करतं काय

टॉपवर जी लाकडी पट्टी चिकटवलेली असते ती ब्रिज. त्या ब्रिजमध्ये एक लांबट खाच असते, ती स्लॉट, आणि त्या स्लॉटमध्ये उभी बसते ती हाडाची किंवा प्लॅस्टिकची पांढरी पट्टी म्हणजे सॅडल. तारा तिच्यावरून जाऊन मागे पिनांत अडकतात. तंबोऱ्याची घोडी बघितली असेल तर कल्पना येईलच, पण इथे एक गंमत आहे. मिरजेला कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद ठेवतात आणि घासून घासून असा उतार देतात की तार त्याला हलकेच चाटत राहते, तीच जवारी, त्यानेच तो झंकार येतो. गिटारला आपल्याला बरोब्बर उलटं पाहिजे. तार सॅडलवरून एकाच ठिकाणाहून सुटली पाहिजे, चाटता कामा नये. माथा सपाट सोडलात की गिटार सतारीसारखी झणझणते, आणि नवीन माणूस आठ दिवस फ्रेट (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बघत बसतो.

सॅडलची कामं तीन. तारेची उंची ठरवणं, तारेची लांबी ठरवणं (सूर वरच्या फ्रेटवर बरोबर लागतो की नाही ते यावर, त्यालाच इंटोनेशन म्हणतात), आणि तारेची थरथर लाकडापर्यंत पोचवणं. तिसऱ्यासाठी सॅडल स्लॉटच्या तळाला पूर्ण टेकलेलं पाहिजे. सुरुवात करणारे सगळे उंचीच्या मागे लागतात आणि तळाकडे बघत नाहीत.

सामान

हाडाची कोरी पट्टी म्हणजे बोन ब्लँक, म्हशीच्या हाडाची असते बहुतेक, ऑनलाइन मिळते आणि एका सुरमई थाळीच्या पैशात काम होतं. एकदम दोन-तीन मागवा, एक तर वाया जाणारच आहे. टस्क नावाचं सिंथेटिकही मिळतं, घासायला सोपं, सगळीकडे एकसारखं, त्यात वाईट काही नाही. स्वस्त गिटारला येतं ते पोकळ प्लॅस्टिक मात्र काढून टाका. खाटकाकडून हाड आणून स्वतः पट्टी कापायचा उद्योग मी एकदा केला, चरबी नीट निघाली नाही, पट्टी पिवळी पडली आणि वास गेला नाही तो गेलाच नाही.

स्टीलची पट्टी, जिच्यावर अर्ध्या एमएमच्या खुणा आहेत अशी. डिजिटल व्हर्नियर, साधं चालेल. फिलर गेज, हे गॅरेजवाल्याकडे असतंच, टॅपेट सेट करायला वापरतात ते, तास-दोन तासासाठी मागून आणा. बारीक सपाट कानस. पॉलिश पेपर १२०, २२०, ४००, ६००, १०००. आणि एक जाड काचेचा तुकडा, साधारण एक फूट बाय सहा इंच, काचवाला उरलेल्यातला असाच देतो, फक्त कडा घासून घ्या त्याच्याकडून. या काचेवर पॉलिश पेपर डबल टेपने चिकटवायचा, ही आपली सपाट जमीन. लाकडाच्या फळीवर करू नका, आपल्याकडे फळी कधी सरळ नसते. क्लच पेन्सिल ०.५ ची. मोबाइलमध्ये ट्यूनर ॲप, सेंट (एका फ्रेटच्या सुराचा शंभरावा भाग) दाखवणारं.

आणि मास्क. हाडाची पूड अगदी बारीक असते, नाकात जाऊ देऊ नका. काम खळ्यात बसून करा, घरात दाताच्या डॉक्टरकडे येतो तसला वास सुटतो. त्यातून श्रावणात घरात हाड घासायला घेतलंत तर आईचं जे ऐकावं लागेल ते तुमचं तुम्ही बघा. आमच्या वाडीतला कुत्रा तर कानसीचा आवाज आला की येऊन बसतो समोर.

पहिलं काम: हवा बघा

हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजणारं यंत्र) घ्या, छोटं डिजिटल, गिटारच्या केसमध्ये मावेल असं. लाकूड हवेतलं पाणी ओढतं, टॉप फुगतं, मधून वर येतं, ब्रिज त्याच्यासोबत उचललं जातं आणि तारा फ्रेटपासून लांब जातात. सॅडल तेच, गिटार तीच, फक्त हवा बदलली. गिटारला ४५ ते ५५ टक्के दमटपणा मानवतो असं सगळे बनवणारे सांगतात. माझ्या खोलीत जुलैत काटा ८५ च्या खाली येत नाही आणि जानेवारीत दुपारी ५५ पर्यंत उतरतो. म्हणजे एकाच घरात दोन वेगळ्या गिटारी समजा.

स्वस्त हायग्रोमीटर खोटं बोलतात, म्हणून आधी तपासा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, पातळ नको. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका हवाबंद डब्यात ठेवून रात्रभर सोडा. ओल्या मिठावरची बंद हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. सकाळी काटा ७० दाखवत असेल तर तुमचं यंत्र ५ ने कमी दाखवतं, तसं केसवर लिहून ठेवा. मीठ कुठलंही चालतं, मी शिरोड्याचं घेतो, १९३० ला तिथे मिठाचा सत्याग्रह झाला होता, तेवढाच अभिमान.

आता कधी काम करायचं? आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसात करायचीच वेळ आली तर गिटार केसमध्ये सिलिका जेलच्या चांगल्या मोठ्या पुड्या घालून आठ-दहा दिवस बंद ठेवा, आतला काटा ६० च्या खाली आला की मगच मोजमाप. गिटार एकदम गरम जागी, चुलीपाशी, बल्बखाली वगैरे ठेवू नका, टॉपला तडा जातो, आणि ब्रिजचा ग्लू उष्णतेने सुटतो ते वेगळंच.

मोजा, सगळं मोजा

नवीन तारा लावा. जुन्या तारांवर मोजलेलं इंटोनेशन म्हणजे बाद, आणि समुद्राच्या हवेत तारा किती लवकर गंजतात ते तुम्हाला सांगायला नको. नेहमीच्या सुरात ट्यून करा, अर्धा तास सोडा, परत ट्यून करा.

आधी नेक, म्हणजे दांडी. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, सहावी तार चौदाव्या फ्रेटवर दाबून धरा, आणि सहाव्या-सातव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमध्ये किती फट आहे बघा. ०.१ ते ०.२५ एमएम पाहिजे. फिलर गेज नसेल तर झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ चा असतो, एक कागद जायला हवा, तीन गेले तर जास्त झालं. फट चुकीची असेल तर ती ट्रस रॉडने (नेकच्या आतली लोखंडी सळी) नीट करायची, सॅडलने नाही. ट्रस रॉड पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका दमात फिरवू नका, आणि काही हँडमेड गिटारींना तो नसतोच, बनवणाऱ्याला फोन करून विचारा.

मग नट, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा, पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट दिसली पाहिजे. मोठी दिसली तर पहिल्या पोझिशनला बोटं दुखण्याचं कारण नट आहे, सॅडल कितीही उतरवा फरक पडणार नाही. हे लोक बघत नाहीत. एफ कॉर्ड लागत नाही म्हणून सॅडल घासलेली कितीतरी माणसं मी बघितलीत.

नेक आणि नट ठीक असेल तरच पुढे या. कॅपो काढा, तार मोकळी, आणि बाराव्या फ्रेटच्या डोक्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. स्टीलच्या तारांना सहाव्या (जाड) तारेखाली २.३ ते २.५ आणि पहिल्या (पातळ) तारेखाली १.७ ते १.९ एमएम हे सर्वसाधारण चांगलं. जोरात स्ट्रमिंग करणारा असेल तर थोडं जास्त ठेवा. नायलॉनच्या क्लासिकल गिटारला साधारण ४ आणि ३ लागतं, ते बघून घाबरू नका.

शेवटी ब्रिज. तारा काढायच्या आधी झेरॉक्सचा कागद ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून बघा. कागद आत गेला तर ब्रिज सुटायला लागलंय, इथेच थांबा आणि बनवणाऱ्याकडे न्या. १२ च्या सेटचा (पहिली तार ०.०१२ इंचाची) सगळ्या तारांचा मिळून ताण ७० किलोच्या वर जातो, सुटत्या ब्रिजवर नवीन सॅडल बसवून काही होत नाही. सॅडल ब्रिजच्या वर किती दिसतं तेही मोजा. ३ एमएमच्या आसपास छान. जेमतेम दीड-दोन दिसत असेल आणि तरी ॲक्शन (तारेची फ्रेटपासूनची उंची) उंच असेल तर दोष नेकच्या कोनात आहे, तो नेक रीसेटचा (नेक काढून कोन सुधारून परत बसवायचा) विषय, आपला नाही.

किती काढायचं याचं गणित

बारावा फ्रेट तारेच्या बरोब्बर मध्यावर असतो. म्हणून सॅडल २ एमएम खाली आलं की बाराव्या फ्रेटवर तार १ एमएम खाली येते. थोडक्यात जेवढा फरक पाहिजे त्याच्या दुप्पट काढायचं.

समजा सहाव्या तारेखाली ३.१ आहे आणि २.५ पाहिजे, फरक ०.६, सॅडलच्या त्या टोकाला १.२ काढा. पहिल्या तारेखाली २.३ आहे, १.८ पाहिजे, फरक ०.५, त्या टोकाला १.० काढा. पेन्सिलने दोन्ही टोकांना खुणा, मधून सरळ रेघ. आता या रेघेपर्यंत जायचं नाही. ०.३ एमएम अलीकडे थांबायचं, तारा लावून बघायचं, मग उरलेलं. आमच्याकडचे मेस्त्रीकाका माझं ते ऑगस्टचं सॅडल हातात घेऊन म्हणाले होते, "घासलला हाड परत लावूक येवचा नाय रे बाबा." त्यानंतर अर्धा तास त्यांनी मला रंधा कसा धरायचा ते शिकवलं, ज्याचा सॅडलशी काही संबंध नव्हता, पण ऐकलं.

जुनं सॅडलच नसेल, म्हणजे गिटार नवीनच बनलीय, तर ब्रिजच्या वर ५ एमएम तरी राहील एवढी पट्टी ठेवून सुरू करा आणि याच गणिताने उतरत या.

स्लॉट आणि जाडी

तारा हळूहळू, सगळ्या थोड्या थोड्या सैल करत काढा. जुनं सॅडल पक्कडीने हलकेच वर ओढा, बोळ्याने गुंडाळून. येत नसेल तर कोणीतरी ग्लू घातलाय. जोर लावू नका, ब्रिजची पुढची कड उडते.

स्लॉट टूथब्रशने साफ करा. मोबाइलचा टॉर्च लावून तळ बघा. हँडमेड गिटारमध्ये स्लॉट कधी राउटरने (खाच पाडायचं मशीन) पाडलेला असतो, कधी पटाशीने, पटाशीवाल्यात तळाला उंचवटे असतात. स्लॉटच्या रुंदीएवढ्या पट्टीवर पॉलिश पेपर चिकटवून तळावर हलका हात फिरवा, पण फार नाही, लाकूड खोल जातं. गिटारला सॅडलखाली पिकअप (आवाज स्पीकरला पोचवणारी पट्टी) असेल तर तळ काचेसारखा सपाट लागतो, नाहीतर स्पीकरवर एखादी तार गायबच होते आणि तुम्ही वायर तपासत बसता.

आता स्लॉटची रुंदी व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजा. नेहमीच्या रुंद्या दोन, २.४ आणि ३.२ एमएम, पण हँडमेडमध्ये काहीही निघू शकतं, माझ्या गिटारला २.८ आहे, का ते बनवणाऱ्यालाच माहीत. ब्लँक त्यापेक्षा थोडी जाड घ्यायची आणि काचेवर घासून आणायची. बोटांनी धरून नुसती पुढे-मागे घासलीत तर एक बाजू पातळ होते. इंग्रजी आठाच्या आकारात फिरवा, दर वीस फेऱ्यांनी पट्टी उलटसुलट करा, आणि दर वेळी तिन्ही ठिकाणी मोजा. कंटाळवाणं आहे. रेडिओ लावा. स्लॉटची टोकं गोल असतील तर पट्टीचीही टोकं कानसीने गोल करायची.

फिटिंग किती घट्ट? सॅडल बोटाच्या दाबाने आत गेलं पाहिजे. तारा नसताना गिटार पालथी धरली तर पडता कामा नये, पण दोन बोटांनी धरून ओढलं तर निघालं पाहिजे. ठोकून बसवायची वेळ आली तर थांबा आणि परत घासा, ब्रिज उभं चिरतं. सैल झालं तर सॅडल तारांच्या ओढीने पुढे कलतं, सूरही बिघडतो आणि ब्रिजची पुढची भिंत हळूहळू फुटते. सैल झालेली पट्टी फेकायची, दुसरी घ्यायची, म्हणून म्हटलं दोन-तीन मागवा. ग्लू लावून सैलपणा झाकायचा नाही. सॅडलला ग्लू लावायचाच नाही, कधीच.

आणखी एक, सॅडल जेवढं वर दिसतं तेवढं तरी स्लॉटच्या आत असलेलं बरं.

माथ्याचा गोलावा

फ्रेटबोर्ड आडवा बघितला तर थोडा गोल असतो. मार्टिनचा १६ इंच रेडियस, गिब्सनचा १२, क्लासिकल सरळ सपाट. हँडमेडचा बनवणाऱ्याला विचारा, किंवा जाड कार्ड (लग्नपत्रिका उत्तम) बाराव्या फ्रेटवर उभं धरून कापत कापत त्या गोलाव्याला जुळवा. तोच गोलावा सॅडलच्या माथ्यावर पेन्सिलने उतरवायचा. जुनं सॅडल चांगलं असेल तर सरळ त्याचीच रेघ मारा, काम संपलं. जाड तारांकडे किंचित उंच, पातळीकडे किंचित उतरतं. मधल्या चार तारा फ्रेटबोर्डच्या गोलाव्यावर नीट बसतात की नाही ते तारा लावून बाराव्या फ्रेटवर एकेक मोजून बघा, सहावीपासून पहिलीपर्यंत आकडे पायऱ्यांसारखे हळूहळू उतरले पाहिजेत. मध्येच तिसरी तार उंच निघते बऱ्याचदा.

माथा एकदा जमला की पुढची उंची फक्त तळातून कमी करायची, माथ्याला परत हात लावायचा नाही. तळ घासताना पट्टी एका चौकोनी लाकडी ठोकळ्याला टेकवून उभी धरा म्हणजे काटकोन राहतो. झाल्यावर कोऱ्या काचेवर उभी ठेवा आणि मागून टॉर्च मारा, खालून उजेड दिसला तर तळ गोल झालाय.

इंटोनेशन, म्हणजे वरचे सूर खरे लागणं

तार दाबली की ती ताणली जाते, सूर किंचित चढतो. त्याची भरपाई म्हणून तार मुळात थोडी लांब ठेवतात. जाड तारेला जास्त भरपाई लागते, म्हणून स्लॉटच तिरका असतो. पण तेवढ्याने सगळ्या तारा जमत नाहीत, उरलेलं सॅडलच्या जाडीत करायचं, म्हणजे तार माथ्याच्या पुढच्या कडेवरून सुटेल की मागच्या, ते तारेप्रमाणे ठरवायचं.

बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) वाजवा, ट्यूनरवर शून्य करा. मग तोच फ्रेट नेहमीच्या दाबाने दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा आला तर तार लांब करायची, सुटण्याची जागा मागे, पिनांकडे न्यायची. उतरा आला तर पुढे, होलकडे. किती? ६५० एमएमच्या स्केलला (नटपासून सॅडलपर्यंतची तारेची लांबी) १ सेंट म्हणजे साधारण ०.४ एमएम. हिशोब करा, ५ सेंटला २ एमएम झाले, आणि आपल्याकडे अख्खी जाडीच ३ आहे. म्हणून दहा-बारा सेंटचा दोष असेल तर सॅडलच्या नादी लागू नका, स्लॉटच चुकीच्या जागी पाडलाय, बनवणाऱ्याला दाखवा. २ सेंटच्या आत आलं की सोडून द्या, तेवढा फरक तर बोटाच्या दाबाने पडतो.

बहुतेक गिटारींना नमुना असा निघतो: पहिली तार पुढच्या कडेवर, दुसरी (बी) एकदम मागे, तिसरी (जी, वळलेली तार, म्हणजे गाभ्यावर बारीक तार गुंडाळलेली) परत पुढे, मग चौथी, पाचवी, सहावी क्रमाने मागे मागे. दुसरी मागे का तर ती साध्या तारेतली सगळ्यात जाड, आणि तिसरीपासून वळलेल्या तारांचा आतला गाभा बारीक असतो, त्यामुळे तिथे चक्र परत पहिल्यापासून सुरू होतं. पेन्सिलने माथ्यावर सहा तारांच्या जागा आणि सहा टिंबं काढा, आणि बारीक कानसीने टिंबाच्या दोन्ही बाजूंना उतार द्या. टिंब स्वतः पुसलं जाता कामा नये, तो तुमचा कळस. पहिल्या सॅडलला हे सगळं करू नका हवं तर. फक्त दुसरी तार मागे नेलीत तरी कानाला फरक कळतो.

नटमध्ये असते तशी तारेसाठी खाच सॅडलवर पाडायची नाही. तार ताणाने स्वतःपुरती बारीक जागा करून घेते.

मग पॉलिश, ४००, ६००, १०००, आणि शेवटी जुन्या बनियनच्या तुकड्यावर थोडं ब्रासो. चकचकीत दिसतं हा भाग आहेच, पण खरबरीत माथ्यावर तारा तुटतात.

लावा आणि थांबा

तारा लावताना पिन आत दाबायच्या आधी तार वर ओढून धरा, खालचा बॉल ब्रिजच्या खालच्या पट्टीला टेकला पाहिजे, पिनच्या टोकावर नाही. नाहीतर ट्यून करताना पिन उडते, डोळ्यात जाऊ शकते. ट्यून केलं की लगेच निकाल लावू नका. एक रात्र ताणावर सोडा. दुसऱ्या दिवशी ट्यून करून परत सगळं मोजा, आकडे वहीत, सोबत त्या दिवशीचा हायग्रोमीटरचा आकडा. हा आकडा नसेल तर बाकीचे आकडे पुढच्या पावसात काही कामाचे नाहीत.

किरकिर आली तर कुठे येते ते बघा. फक्त मोकळ्या तारेवर येत असेल तर नट. खालच्या चार-पाच फ्रेटवर येत असेल तर नेक जास्त सरळ झालीय. सातव्या-आठव्याच्या पुढे येत असेल तर सॅडल बुटकं झालं, किंवा बॉडीला नेक जुळते तिथे फ्रेटबोर्डला उंचवटा आलाय. सगळ्या फ्रेटवर एकाच तारेला झणझण येत असेल तर माथा सपाट राहिलाय, वर म्हटलं ते. थोडंसंच बुटकं झालं असेल तर स्लॉटच्या तळाशी पूर्ण लांबीची शिसवीची पातळ व्हिनियर घालून महिना काढता येतो. विडीच्या बंडलाचा कागद दुमडून घातलेली गिटार माझ्याकडे आली होती, वाजत होती बिचारी, पण आवाज गादीत घातल्यासारखा.

एका गिटारला दोन सॅडल

हे मी आता सगळ्यांना करायला लावतो. थंडीत नीट बसवलेलं सॅडल हे मुख्य. ते जमलं की त्याचीच हुबेहूब दुसरी पट्टी करा, तोच गोलावा, तीच टिंबं. मग पाऊस मुरेपर्यंत थांबा, जुलैच्या मध्यावर ॲक्शन मोजा, किती वाढली ते बघा, आणि दुसऱ्या पट्टीतून त्याच्या दुप्पट तळातून काढा. माझ्या दोन सॅडलांत ०.८ एमएमचा फरक आहे, तुमच्या गिटारचा वेगळा येईल, फणसाची आणि शिसवीची बॉडी सारखी वागत नाही. बुटकं ते पावसाचं, उंच ते थंडी-उन्हाळ्याचं. जूनमध्ये तारा बदलताना एक बदला, दिवाळीनंतर तारा बदलताना दुसरं. दहा मिनिटांचं काम.

पुतण्या पुण्याला असतो, गणपतीला येताना त्याची गिटार घेऊन आला, त्याला मी अशी जोडी करून दिली आणि दोन्हींच्या तळाला पेन्सिलने 'पा' आणि 'ऊ' लिहिलं. फेब्रुवारीत फोन, "काका, सहावी तार फ्रेटला लागते." म्हटलं पावसाचं लागलंय तुझं, काढून तळ बघ. तर साहेबांनी तळ अस्वच्छ दिसला म्हणून दोन्ही पट्ट्या पॉलिश पेपरवर फिरवून घेतल्या होत्या, अक्षरं गेली, वर दोन्हींची थोडी थोडी उंचीही गेली. व्हर्नियर नव्हतं, मग दोन्ही काचेवर शेजारी उभ्या करून फोटो पाठव म्हटलं, त्यावरून ठरवलं. तेव्हापासून मी तळाला लिहीत नाही. स्लॉटच्या आत जो भाग जातो त्याच्या बाजूला सुईने ओरखडा मारतो, पावसाच्या सॅडलला एक, दुसऱ्याला दोन.